रविवारी चूल न पेटवणारे घर : येऊरच्या पायथ्याशी विसाव्याचा एक दिवस

ठाण्यात उपवन तलावाच्या पुढे, येऊरचा चढ जिथे सुरू होतो त्या बाजूला, एका ख्रिस्ती संस्थेचे जुने मनन-केंद्र आहे आणि तेथे महिन्यातून एका रविवारी ‘काम आणि विसावा’ या विषयावर दिवसभराचे शिबिर भरते. वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच, शुल्क चहा व जेवण धरून माणशी ६५० रुपये, आणि जागा फक्त २४. केंद्र कॅथलिक आहे, पण शिबिर सर्व पंथांसाठी खुले असते आणि संपूर्ण मराठीत चालते. केंद्राचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे काही उणेही लिहायचे आहे. ज्यांना जायचे असेल त्यांना आपल्या मंडळीत, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चमध्ये, किंवा कॅथलिक पॅरिशमध्ये विचारल्यास पत्ता मिळेल.

मी तेथे का गेले हे सांगितल्याशिवाय माझ्या मताचे वजन वाचकाला कळणार नाही. ऐरोलीच्या एका कंपनीत मी पेरोल पाहते, म्हणजे चारशेहून अधिक माणसांची हजेरी, रजा, ओव्हरटाइम आणि कॉम्प ऑफ यांचा हिशेब माझ्या हातून जातो. मार्चअखेर न वापरलेल्या रजा बाद करण्याचे कामही माझ्याकडेच असते. सिस्टिममध्ये एक लांबलचक यादी उघडते, तिच्या शेवटच्या रकान्यावर ‘लॅप्स’ असे लिहिलेले असते आणि खाली एक बटण असते. यंदा त्या यादीत माझ्या नावासमोर १९ हा आकडा होता. बटण मीच दाबले, आणि राहिलेले काम उरकण्यासाठी पुढच्या रविवारीही लॅपटॉप उघडून बसले. त्या दिवशी आमच्या मंडळीत उपासनेच्या वेळी पाळकसाहेबांनी दहा आज्ञा वाचल्या; त्यांतली चौथी शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातून एक दिवस काम थांबवून विसावा घेण्याची. सासूबाई घरी आल्या, चपला काढता काढता म्हणाल्या, “चौथी वाचताना तुझी आठवण झाली गं.” त्यात टोमणा नव्हता, असे त्या अजूनही सांगतात.

शिबिराच्या रविवारी मेगाब्लॉक होता, त्यामुळे कळव्याहून ठाण्याला येण्यासाठी गाडीऐवजी रिक्षा करावी लागली आणि पुढे स्टेशनबाहेरून उपवनची बस मिळेपर्यंत वीस मिनिटे गेली. रुळांनाही आठवड्यातून एकदा विसावा लागतो, तो आपल्या वाट्याला मेगाब्लॉक म्हणून येतो, हे मला त्या रांगेत उभे असताना सुचले. अर्थात रूळ निजलेले असतात तेव्हा गँगमन जागे असतात, हेही लगेच लक्षात आले. हा दुसरा विचार दिवसभर माझ्या मागे राहिला.

दारातच मोबाइल जमा करून घेतात. कापडी पिशवी, पिशवीला पत्र्याचा क्रमांकाचा बिल्ला, आणि कुलूप लावलेले लाकडी कपाट. सक्ती नाही, शिबिराला आलेल्या एका बहिणीची आई रुग्णालयात होती, तिला फोन जवळ ठेवण्याची परवानगी तिने मागण्याआधीच दिली गेली. केंद्राचा लँडलाइन क्रमांक आदल्या दिवशीच संदेशाने येतो, तो घरी देऊन ठेवायचा. ही व्यवस्था इतकी साधी आणि बिनआढ्यतेची आहे की तिच्याविषयी तक्रार करायला जागा नाही.

सकाळचे सत्र एका ज्येष्ठ सिस्टरने घेतले आणि माझ्या मते साडेसहाशे रुपये तेथेच वसूल झाले. सुरुवात थोडी गमतीची झाली. त्या ‘तिसरी आज्ञा’ म्हणत होत्या आणि आम्ही प्रोटेस्टंट मंडळी पुस्तकात चौथी शोधत होतो. कॅथलिक गणनेत शब्बाथाची आज्ञा तिसरी येते, आमच्या गणनेत चौथी, आज्ञा तीच. हा घोळ मिटल्यावर त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये बसूनही कधी पाहिली नव्हती. ही आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्ही ठिकाणी तिची कारणे वेगळी आहेत. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कारण सृष्टीचे आहे, की देवाने सहा दिवसांत सर्व निर्माण केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र कारण गुलामगिरीचे आहे, की तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास हे विसरू नकोस, म्हणून तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. दोन्हीकडे मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका अशी यादीच दिलेली आहे. पेरोलवाल्या बाईला यादी लगेच कळते. या यादीत ‘लागू नाही’ असा रकानाच नाही.

मग त्या मागे गेल्या, मिसरचा राजा फारो याच्या विटांपर्यंत. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात मोशे हा पुढारी दास झालेल्या आपल्या इस्राएली लोकांसाठी तीन दिवसांची सवड मागतो, देवाचा सण करण्यासाठी; फारोचे उत्तर असे की या लोकांना काम कमी पडते आहे म्हणून सण सुचतात. तो पेंढा देणे बंद करतो, पेंढा ज्याचा त्याने शोधून आणायचा, आणि विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरली पाहिजे. सिस्टरांनी येथे एकही आधुनिक उदाहरण दिले नाही, दोन मिनिटे गप्प बसल्या, आणि सभागृहातल्या चोवीस जणांनी आपापले ऑफिस आठवले. माझ्या शेजारी महापेच्या एका कारखान्यातला सुपरवायझर होता, तो हळूच म्हणाला, “आमच्याकडे माणसं अर्धी केली, टार्गेट तेवढंच आहे.” विटांनंतर मान्ना आला, म्हणजे मिसरातून सुटलेल्या लोकांना देवाने रानात दिलेले अन्न. रानात रोज सकाळी त्या दिवसापुरते गोळा करायचे, साठवले तर किडते. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळते, ते त्याच दिवशी भाजून किंवा शिजवून ठेवायचे आणि सातव्या दिवशी ते खराब होत नाही. फारोच्या भट्टीतून सुटून आलेल्या माणसांना विसावा घ्यायला शिकवण्यासाठी देवाला रोजच्या अन्नाचेच वेळापत्रक बदलावे लागले, हे सिस्टरांचे सांगणे मला पटले. मनगटावर घड्याळ असो वा नसो, भट्टीची सवय अंगातून सहजासहजी जात नाही.

आता जेवणाविषयी, कारण या केंद्राबद्दल लोक जी तक्रार करतात ती हीच आहे आणि मलाही कोणीतरी आधीच सांगून ठेवले होते की जेवण थंड असते. ते खरे आहे. ताटात दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचे लोणचे, दही, काकडीची कोशिंबीर, आणि मुंबई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या पद्धतीचे फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे. गरम असे काही नाही. कोशिंबिरीची काकडी आमच्यापैकीच चौघांनी चोचवली, दाण्याचे कूट मी घातले, आणि जेवण झाल्यावर ज्याने त्याने आपले ताट आपण धुऊन फळीवर पालथे घातले. कारण विचारले तेव्हा कळले की स्वयंपाकघरातल्या तिन्ही मावशींची रविवारी सुट्टी असते, आणि ती शिबिर असले तरी असतेच. शनिवारी दुपारी त्या दशम्या लाटतात, फुगे तळतात, दही लावतात आणि घरी जातात. म्हणून पदार्थ असे निवडलेले, जे एक रात्र सहज टिकतात. दशमी आपल्याकडे प्रवासाची भाकर. पीठ दुधात भिजवलेले, पाण्याचा थेंब नाही, म्हणून ती मऊही राहते आणि विटतही नाही. फुगे तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, असे माझ्यासमोर बसलेल्या चेंदणीच्या बाईंनी ठासून सांगितले आणि स्वतः सहा घेतले.

सकाळी ज्या सहाव्या दिवसाच्या दुप्पट मान्नाविषयी ऐकले तोच दुपारी ताटात आला होता, आणि याचा उल्लेख कोणी भाषणात केला नाही, फलकावर लिहिला नाही, हे मला फार आवडले. मनःशांतीची शिबिरे मी यापूर्वी दोन ठिकाणी केली आहेत, दोन्ही महागडी. तेथे आम्ही डोळे मिटून श्वास मोजत असताना आत कढईत कोणीतरी तीन भाज्या परतत होते, आणि फोडणीचा ठसका ध्यानात येत होता. त्या तुलनेत ही थंड दशमी मला अधिक ख्रिस्ती वाटली. चहा मात्र गरम मिळाला. विजेच्या मोठ्या किटलीचे बटण आम्हीच दाबले. निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात शब्बाथ दिवशी घरात विस्तव पेटवू नये असे स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा काटेकोर पाळणाऱ्याला आमची किटलीही चालली नसती. पण चहाशिवाय ठाणेकर दुपारी तीनपर्यंत मनन करू शकेल, यावर माझा विश्वास नाही.

जेवणानंतरचा दीड तास मौनाचा. बोलायचे नाही, वाचलेच पाहिजे असे नाही, झोप आली तर झोपायचे. मागच्या पडवीत चटया घातलेल्या असतात. या झोपेच्या परवानगीचा आधार म्हणून एका कागदावर एलीयाची गोष्ट छापून दिली होती, बायबलमधले १ राजे हे पुस्तक, अध्याय एकोणिसावा. कार्मेल डोंगरावरचा मोठा विजय झाल्यानंतर संदेष्टा जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि तसाच झोपी जातो. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे दाखवतो. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायलाच घालतो, आणि त्यानंतर कुठे होरेब पर्वताची वाट सुरू होते. मी हे वाचले आणि पंचेचाळीस मिनिटे गाढ झोपले. उशाला काही नव्हते, पाठीला चटईचे वळ उठले, आणि जाग आली तेव्हा पडवीच्या कठड्यावर एक माकड माझ्या पर्सकडे पाहत बसले होते. येऊरच्या बाजूला येणाऱ्यांनी पर्स जवळ ठेवावी, ही सूचना केंद्राने कागदावर छापायला हरकत नाही.

दुपारचे सत्र तितके जमले नाही. ते एका व्यवस्थापन-प्रशिक्षकांनी घेतले आणि त्यांच्या स्लाइडमध्ये दिवसाचे चौकोन, कामांचे चार कप्पे, प्राधान्यक्रम असे सर्व काही होते, जे आमच्या ऑफिसमध्ये वर्षातून दोनदा मोफत मिळते. त्यांनी विसाव्याचे समर्थन असे केले की विश्रांती घेतलेला माणूस सोमवारी अधिक काम करतो. सकाळच्या सत्रानंतर हे ऐकणे अवघड गेले. सोमवारी जास्त विटा पडाव्यात म्हणून रविवारी दिलेली सुट्टी फारोनेही दिली असती, त्याला फक्त हा हिशेब सुचला नाही. उत्पत्तीच्या क्रमात माणूस सहाव्या दिवशी घडतो आणि त्याचा पहिला पूर्ण दिवस विसाव्याचा असतो. काही कमावण्याआधीच विसावा मिळाला, असा त्याचा साधा अर्थ आहे. प्रशिक्षकांच्या चार कप्प्यांत तो कुठेच बसला नाही.

येशू घरी आला तेव्हा मरीया त्याचे ऐकत बसली आणि तिची बहीण मार्था कामात राहिली, ते उदाहरणही त्यांनी घाईत उरकले. मार्थाने कामाचा ताण कमी करायला हवा होता, इतकेच. सभागृहातल्या अकरा बायकांपैकी निदान सात जणींनी त्यावर चुळबुळ केली. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू मार्थाला स्वयंपाक वाईट आहे असे म्हणत नाही, ती पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करते आहे असे म्हणतो. पण पाहुणे बसलेले असताना चुलीपुढून उठायचे कोणी, हा प्रश्न ऐरोलीतही आहे आणि कळव्यातही. त्याचे उत्तर दुपारी एक वाजता आम्ही सगळ्यांनी, पुरुषांनीसुद्धा, नळाखाली ताटे धुऊन दिले होते. प्रशिक्षकांनी जेवायला आमच्याबरोबर बसायला हवे होते. ते थेट अडीच वाजता आले.

एका चुकीची मात्र नोंद करणे मला आवश्यक वाटते. रविवारची सुट्टी ही या देशाला ख्रिस्ती धर्माची देणगी आहे, असे ते ओघात म्हणाले. रविवारला राजमान्यता मिळण्याचा इतिहास खरोखर जुना आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३२१ साली शहरांतली न्यायालये व कारागिरी रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम काढला होता, आणि त्यातूनही शेतकऱ्यांना वगळले होते. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो कोणत्याही चर्चमुळे नव्हे. तेव्हाचे गिरणीमालक आणि सरकारही रविवार जाणून होते, तरी गिरण्या चालूच होत्या. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली, रविवार हा खंडोबाचाही वार आहे असे सांगितले, वर्षानुवर्षे मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. लोखंडे यांचा जन्म १८४८ साली झाला तो ठाण्यातच. त्यांच्या गावात बसून त्यांचा रविवार आपल्या नावावर चढवणे शोभत नाही. दुसऱ्याच्या कष्टाचे श्रेय घेणे हे आठव्या आज्ञेच्या, कॅथलिक गणनेने सातव्या आज्ञेच्या, फार जवळ जाते.

आणि शब्बाथच हवा असेल तर तो या किनाऱ्यावर आमच्याही कितीतरी आधी पाळला जात होता. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू लोक, तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. व्यवसायावरून नाव पडलेल्या जाती पुष्कळ आहेत. न केलेल्या कामावरून नाव पडलेले लोक मला तरी दुसरे माहीत नाहीत. टेंभी नाक्यावरचे त्यांचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ सालचे आहे, उपवनपासून बसने अर्ध्या तासावर. शिबिराला त्याची एक ओळ पुरली असती.

संध्याकाळी मी फोन घेऊन फाटकापाशी रिक्षाची वाट पाहत थांबले होते. तेथे सकाळपासून बसलेले राखणदार काका अजून बसलेले होते. मी सहज विचारले, “काका, तुमची सुट्टी कधी असते?” ते म्हणाले, “बदली माणूस आला की असते, मॅडम.” बदली माणूस शेवटचा कधी आला होता, हे त्यांना आठवावे लागले. बारा तासांची पाळी, नेमणूक एजन्सीची, आणि कायद्याचे म्हणाल तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते, पण कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यावीच लागते; तो कायदा मी रोज वापरते आणि कागदावर तो कसा पाळला जातो हेही मला ठाऊक आहे. स्वयंपाकाच्या मावशींना ज्या घराने इतक्या विचाराने यादीत धरले, त्याच घराच्या वेशीवरचा माणूस यादीबाहेर राहिला होता. अनुवादातली यादी नेमकी वेशीपाशी संपते. हे केंद्राच्या दुष्टपणामुळे झाले असे मला वाटत नाही. मावशी त्यांच्या पगारपत्रकावर आहेत, काका दुसऱ्याच्या. आणि जो आपल्या पगारपत्रकावर नाही त्याची दमणूक आपल्याला दिसत नाही, हे माझ्याइतके कोणाला कळावे? माझ्या चारशे नावांतही हाउसकीपिंगची मुले कधीच नसतात.

इतर बाबी थोडक्यात. सभागृहातल्या खुर्च्या लोखंडी आणि बिनगादीच्या आहेत, तीन तास बसणाऱ्या साठीच्या माणसाला त्या सोसणार नाहीत. स्वच्छतागृहे स्वच्छ आहेत, पण पाच पायऱ्या उतरून जावे लागते आणि कठडा नाही. पावसाळ्यात डास फार. कॅथलिकांसाठी सकाळी साडेसातला मिस्सा असते, इतरांसाठी नऊला सामायिक प्रार्थना. आपल्या मंडळीतली रविवारची उपासना मात्र त्या दिवशी चुकते आणि आमच्याकडे काहींना ते आवडले नाही. मी त्यांना रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दाखवला, जेथे पौल म्हणतो की कोणी एक दिवस दुसऱ्याहून विशेष मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाची आपल्या मनात खात्री असावी. त्यांची खात्री झाली नाही. नर्स, ओला-उबर चालक किंवा रात्रपाळीचे लोक यांच्यासाठी हे शिबिर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशीही ठेवावे, अशी मागणी आमच्या गटातून झाली आणि ती रास्त आहे; ज्याचा वीकली ऑफ मंगळवारी येतो त्याचा शब्बाथ मंगळवारीच असणार.

जाताना अभिप्रायाचा कागद भरून घेतात. मी खुर्च्यांविषयी लिहिले, लोखंडे यांच्याविषयी लिहिले आणि शेवटी राखणदार काकांविषयी लिहिले. आठवड्याभराने सिस्टरांचाच फोन आला. खुर्च्यांवर गाद्या येणार आहेत. लोखंडे यांची माहिती त्यांनी माझ्याकडून पुन्हा नीट सांगून घेतली आणि लिहून घेतली, पेन थांबल्याचा आवाज मला ऐकू येत होता. काकांच्या बाबतीत एजन्सीशी बोलणे चालू आहे, तोपर्यंत महिन्याच्या त्या रविवारी संस्थेतलाच एखादा ब्रदर फाटकावर बसेल, असे त्या म्हणाल्या. नोव्हेंबरच्या तारखेसाठी मी दोन नावे दिली आहेत, माझे आणि सासूबाईंचे. त्यांना दशमी चालते. फुग्यांविषयी त्यांनी आत्ताच चौकशी सुरू केली आहे. फाटकावर कोण बसले आहे ते मी आत जातानाच पाहणार आहे.